वरच्या सुराचा डबा

मित्रांनो, विटेएवढा एक पत्र्याचा डबा डोळ्यांसमोर आणा. वर फिरवायच्या दोन कळी, मध्ये पायाने दाबायचं एक जाड बटण, दोन्ही अंगांना वायर खुपसायला एकेक भोक. रंग कधीकाळी हिरवा होता, आता हिरवा म्हणायचा म्हणून म्हणायचा. तो मी. गिटारवाले मला ऑक्टेव्ह पेडल म्हणतात. ज्या घरात माझं आयुष्य गेलं तिथे मला नुसतं ‘डबा’ म्हणतात, आणि मला त्याचं काही वाईट वाटत नाही.

माझं काम आधी सांगतो. नीट ऐका, पुढचं सगळं त्यावरच आहे. इलेक्ट्रिक गिटारची तार छेडली की तिचा सूर वायरीतून माझ्यात येतो. मी त्याला जरा खरखरीत करतो आणि वरच्या सप्तकातला एक जोडीदार देतो. म्हणजे मध्य सप्तकातला सा आत आला, तर बाहेर पडताना त्याच्यासोबत तार सप्तकातलाही सा असतो. ऐकणाऱ्याला वाटतं, एक माणूस गातोय आणि त्याच्या खांद्यावर बसून दुसरं कुणीतरी तेच गातंय. पण मी नखरेल आहे, हे कबूल करतो. मला एका वेळी एकच सूर द्यायचा. दोन दिलेत की मी बरळतो. गिटारच्या बाराव्या पडद्याच्या वर वाजवायचं आणि गिटारवरची टोनची, म्हणजे आवाजाची धार कमीजास्त करायची, कळ पार खाली ठेवायची. आणि माझ्यावर पाय दिल्याशिवाय मी तोंड उघडत नाही. लाथ खाऊन गाणारा म्हणून हसायचं तर हसा, माझी ना नाही.

एवढं सगळं जमतं, पण बोलणं मला जमत नाही. दुसऱ्याचा सूर मी दुप्पट करतो, माझं स्वतःचं एक अक्षर मला कुणाला ऐकवता येत नाही. अठरा वर्षं मला एक गोष्ट माहीत होती आणि ती मी कुणालाही सांगू शकलो नाही. आता सगळं झाल्यावर तुम्हाला सांगतोय.

मला घडवलं मामांनी. मामा म्हणजे मनीचे, या घरातल्या लेकीचे, मामा. मनीला मनी म्हणतात कारण लहानपणी ती मांजरासारखी गिटारच्या पेटीत जाऊन झोपायची. मी याच घरातला, म्हणून मीही त्यांना मामा, आणि तिच्या आईबाबांना आई नि बाबाच म्हणतो.

मामांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान एका जिन्याखाली होतं. आत दोघं शिरले की तिसऱ्याने बाहेर उभं राहूनच बोलायचं. तिथे त्यांनी माझा पत्रा वाकवला, भोकं पाडली, रंग दिला. पण माझा खरा जीव आहे पोटातल्या दोन डायोडांत. डायोड म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी, आत जर्मेनियम नावाच्या पदार्थाचा बारीकसा कण. हे दोघं अगदी सारखे असले तरच माझा वरचा सूर निघतो. एक एकोणीस एक वीस झाला की संपलं. त्यात जर्मेनियमला उष्णता मुळीच सोसत नाही. नुसतं बोटांत धरलं तरी त्याचा आकडा बदलतो. म्हणून मामा सकाळी दुकान तापायच्या आत, दार लावून, पंखा बंद करून बसायचे. चिमट्याने एकेक डायोड उचलून मीटरला लावायचे, आकडा थांबेपर्यंत वाट बघायचे. माझ्या दोघांची जोडी जमायला त्यांना नऊ सकाळी लागल्या. मग सोल्डर करताना, म्हणजे तापलेल्या आयर्नने कथील वितळवून टाका देताना, डायोडच्या पायाला चिमटा लावून धरला, म्हणजे आयर्नची धग चिमट्यात जाते आणि डायोडपर्यंत पोचत नाही.

मी तयार झालो तेव्हा मामांनी मला बाबांच्या हातात दिलं. बाबा त्यांच्या बहिणीचे यजमान. दिवसा छापखान्यात काम करायचे आणि संध्याकाळी एका वाद्यवृंदात गिटार वाजवायचे.

“भावोजी, एकच सांगणं आहे,” मामा म्हणाले. “हा माझ्याशिवाय कुणी उघडायचा नाही. काही झालं तर सरळ माझ्याकडे आणा. मी जेवत असलो तरी पानावरून उठेन.”

“अहो, मी कशाला उघडतोय?” बाबा हसून म्हणाले.

ती पाच वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली. बाबांचा बूट मला ओळखीचा झाला होता. ते बटण हलक्या पायाने दाबायचे, आणि त्यांनी बाराव्या पडद्याच्या वर पहिला सूर धरला की समोरची माणसं एकमेकांकडे बघायची. कार्यक्रम संपला की इतर वाजवणारे वाकून मला न्याहाळायचे. “कुठून आणला?” विचारायचे. बाबा छाती फुगवून सांगायचे, “आमच्या मेहुण्यांनी केलाय.” मामांनी माझ्यासारखे आणखी आठ डबे केले, तेही खपले. मग वाद्यांच्या एका मोठ्या दुकानदाराने पंचवीस डब्यांची गोष्ट काढली. मामांनी जिन्याखालच्या दुकानाची भिंत पाडून शेजारचा गाळा जोडायचं ठरवलं, आणि पाटीसाठी अक्षरंसुद्धा काढून ठेवली.

आता तो रविवार सांगतो.

संध्याकाळी पाचला एका मैदानात मोठा कार्यक्रम होता. तो दुकानदार खास मला ऐकायला येणार होता. दुपारी एकला बाबा घरी सराव करत होते आणि माझा आवाज मध्येच तुटायला लागला. माझ्या आतली एक वायर सैल झाली होती, बाकी काही नाही. मामांचं दुकान वीस मिनिटांवर. पण बाबांना दोन दिवसांपूर्वीच मामांनी टोकलं होतं, “वायर ओढून काढू नका, धरून काढा.” बाबांना ते लागलं होतं. आता गेलो तर पुन्हा ऐकून घ्यावं लागेल, एवढ्याचसाठी ते गेले नाहीत. त्यांनी माझे चार स्क्रू काढले, शेजाऱ्याकडून सोल्डरिंग आयर्न आणलं आणि वायर चिकटवायला बसले.

वायर डायोडच्या अगदी पायाशी होती. बाबांनी चिमटा लावला नाही. चिकटेना म्हणून आयर्न दाबून धरलं, पुन्हा धरलं. माझ्या दोन डायोडांपैकी एक आतून भाजला गेला आणि मला ते तिथल्या तिथे कळलं. मी ओरडलो असतो, पण कशाने ओरडणार?

घरात सावलीत मी कसाबसा वाजलो. बाबांना वाटलं, जमलं. मैदानात मंचावर ऊन होतं, माझा पत्रा तापला. तिसऱ्या गाण्यात बाबांनी वरचा सूर धरला आणि तो येईना. नुसती खरखर बाहेर पडली, घसा बसलेल्या माणसाची असते तशी. बाबांनी कळी फिरवल्या, बटण दाबलं, पुन्हा दाबलं. समोर दोनशे माणसं होती. कुणीतरी शिट्टी मारली. बाबांच्या कपाळावरून घाम ओघळून माझ्यावर पडत होता. आणि मग ते माइकपाशी गेले आणि हसत हसत म्हणाले, “काय करणार मंडळी, मेहुण्यांनी केलेला डबा आहे. असाच निघाला.”

लोक हसले. दुकानदार तिसऱ्या रांगेत होता, तोही हसला. त्याने मंगळवारी मामांना नकार कळवला.

सोमवारी सकाळी मामा घरी आले होते. मी टेबलावर होतो. सात वर्षांची मनी खुर्चीवर पाय हलवत बसली होती.

“भावोजी, डबा कुणी उघडला होता का?” मामांनी विचारलं.

“नाही. कोण उघडणार?” बाबा म्हणाले.

“मग द्या बरं जरा. बघतो काय झालंय.”

“राहू दे. आता बघून काय उपयोग?”

तेवढ्यात मनी म्हणाली, “मामा, तुमचा डबा दगाबाज आहे ना?” तिने ते आदल्या दिवशी बाबांच्या मित्रांकडून ऐकलं होतं. कुणी तिला गप्प बस म्हटलं नाही. मामा तिच्या केसांवरून हात फिरवून निघून गेले आणि पुन्हा त्या घराची पायरी चढले नाहीत. त्यांनी दहावा डबा कधीच केला नाही. भिंत होती तिथेच राहिली. पुढे रेडिओही येईनासे झाले, मग ते मिक्सर आणि चार्जर दुरुस्त करू लागले. आई दर पंधरा दिवसांनी भावाकडे एकटी जायची. परत आली की बाबा वर्तमानपत्रातून डोकं न काढता विचारायचे, “बरे आहेत ना?” आई म्हणायची, “आहेत.” एवढंच.

आणि मी? मला एका जुन्या स्वेटरात गुंडाळून कपाटाच्या तळाशी ठेवलं. बाबांनी माझ्या पोटातली बॅटरीसुद्धा काढली नाही. ती तिथेच फुटली, गळली आणि मला हिरवा बुरा चढला. मित्रांनो, यंत्र ठेवून देताना त्याची बॅटरी काढावी, एवढी साधी गोष्ट लक्षात ठेवा. बाबांनी गिटार हळूहळू सोडून दिली. विचारलं कुणी तर म्हणायचे, “वेळ कुठे मिळतो?”

मी पुन्हा उजेडात आलो तो मनीमुळे. ती आता पंचवीस वर्षांची झाली होती आणि बाबांचीच गिटार वाजवत होती. कपाट आवरताना तिला मी सापडलो. तिने दात घासायच्या जुन्या ब्रशने माझा बुरा काढला, नवी बॅटरी घातली. बॅटरीच्या खणाच्या पलीकडे पुठ्ठ्याचं झाकण असतं, ते काही तिने उचललं नाही. सकाळची वेळ होती. मी बारीक का होईना, वाजलो. मनी जमिनीवर बसून राहिली आणि तोच एक सूर पुन्हापुन्हा वाजवत राहिली.

मनी एका नाट्यगृहात वाजवायची. नव्या नाटकात एक पक्षीण होती. ती रंगमंचावर दिसायची नाही, फक्त तिची हाक ऐकू यायची, आणि ती हाक मनीने गिटारवर काढायची होती. दिग्दर्शक बाईंनी माझा आवाज ऐकला आणि म्हणाल्या, “हीच. दुसरी कुठली नको.” पण नाट्यगृहाच्या विश्वस्तांचं म्हणणं वेगळं होतं. सगळं संगीत आधीच ध्वनिमुद्रित करून लावलं तर वादक कशाला हवेत? शेवटी ठरलं की गुरुवारी दुपारी दोनला विश्वस्त येऊन प्रत्यक्ष ऐकतील. हाक जमली तर मनीला वर्षभराचं काम पक्कं. नाही जमली तर ध्वनिमुद्रण, आणि मनी घरी.

मनीच्या लवकरच एक गोष्ट लक्षात आली. सकाळी मी वाजतो, आणि दुपारी हॉल तापला की माझा वरचा सूर जातो. तिने ओला रुमाल माझ्यावर टाकून पाहिला. बर्फाची पिशवी ठेवून पाहिली. नाटकातला तालवाला म्हणाला, “मने, याला ताप आलाय, डॉक्टरकडे ने.” ती हसली खरी, पण तिचं हसू वरवरचं होतं. रविवारी दुपारी पाचपैकी तीन वेळा हाक फसली. सोमवारी पाचही वेळा फसली.

त्या संध्याकाळी जेवताना तिने विषय काढला.

“बाबा, हा डबा पहिल्यापासून असाच होता का?”

बाबांचा घास हातातच राहिला. “जुना आहे तो. तू दुसरं काहीतरी बघ.”

“दुसऱ्याने ती हाक निघत नाही. मामांचं कामच कच्चं होतं का हो?”

बाबांनी पाण्याचा तांब्या पुढे ओढला. आई बोलली. “दादाकडे ने की. त्याने केलाय, त्याला कळेल.”

“खरंच. बुधवारी सकाळी नेते,” मनी म्हणाली. “अठरा वर्षांत मी त्यांच्याशी धड बोललेसुद्धा नाही. पण मला दुसरा इलाज नाही.”

मी शेजारच्या खुर्चीवर तिच्या पिशवीत होतो. बाबांनी एकदा त्या पिशवीकडे पाहिलं. मला कळलं ते काय विचार करतायत. मामांनी चार स्क्रू काढून पुठ्ठा उचलला की सगळं उघडं पडणार होतं.

मंगळवारी दुपारी घरात कुणी नसताना बाबांनी मला पिशवीतून काढलं. मला वाटलं, आता हे मला घेऊन स्वतःच मामांकडे निघाले. मी केवढा खूश झालो. पण त्यांनी स्टूल ओढलं, मला उशीच्या अभ्र्यात घातलं आणि माळ्यावर रिकाम्या खोक्यांच्या मागे सरकवलं. स्टुलावरून उतरताना दार वाजलं.

“अहो, माळ्यावर काय शोधताय?” आईचा आवाज आला.

“काही नाही. जुनी वही होती एक.”

मित्रांनो, कपाटात मी अठरा वर्षं काढली, पण माळ्यावरचे ते दोन दिवस मला जास्त जड गेले. खालचं सगळं ऐकू येत होतं. मनीने पिशवी उलटी केली, पलंगाखाली पाहिलं, नाट्यगृहात जाऊन आली, बसच्या कार्यालयात विचारून आली. बुधवार तसाच गेला. संध्याकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात बसून रडत होती. “आई, मी कुठे ठेवला असेन गं? उद्या मी काय वाजवू? माझं काम जाणार.” बाबा बाहेरच्या खोलीत येरझारा घालत होते. मला त्यांची पावलं मोजता येत होती. खिडकीपर्यंत सहा, परत सहा.

गुरुवारी मनी आठलाच निघाली. ध्वनीवाल्याकडून उसना पेडल घेऊन काही जमतं का बघणार होती. दार बंद झालं. थोड्या वेळाने आई अगदी शांतपणे म्हणाली, “अहो, तुमची ती वही सापडली का?”

मग मला स्टूल ओढल्याचा आवाज आला.

मामांच्या दुकानात पोचलो तेव्हा सव्वानऊ झाले होते. बाबांनी अभ्रा काऊंटरवर ठेवला. मामांनी चष्म्यातून आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग मला बाहेर काढलं. किती वर्षांनी ते हात माझ्या पत्र्यावरून फिरत होते. त्यांनी काही न विचारता चार स्क्रू काढले आणि पुठ्ठा उचलला.

“हा टाका माझा नाही,” मामा म्हणाले.

“माझा आहे.”

“कधीचा?”

“त्याच रविवारचा. दुपारचा.”

मामांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. “चिमटा लावला होता?”

“नाही.”

“मी दुसऱ्या दिवशी तुम्हाला विचारलं होतं.”

“हो.”

“तुम्ही नाही म्हणालात.”

“हो.”

जिन्यावरून कुणीतरी धाडधाड उतरत गेलं. मामांनी मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. मला वाटलं, ते आता मला उचलून रस्त्यावर फेकतील. त्यांना तो हक्क होता.

“बहिणीने सांगितलं होतं, मनीला वाजवायचंय म्हणून. किती वाजता आहे?” त्यांनी विचारलं.

“दोनला.”

मामांनी उठून दुकानाचं दार लावलं, पंखा बंद केला आणि फळीवरून एक डबी काढली. डबीत चाळीसएक डायोड होते. “ही वही घ्या,” ते बाबांना म्हणाले. “मी आकडा सांगेन, तुम्ही लिहायचा. बोलायचं नाही. हवा हलली तरी आकडा सरकतो.”

आणि मग त्या एवढ्याशा जागेत, अठरा वर्षं एकमेकांचं तोंड न बघितलेली दोन माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसली. “तीनशे सव्वीस,” मामा म्हणायचे, बाबा लिहायचे. “तीनशे आठ.” लिहायचे. “तीनशे तेहेतीस.” दहा वाजले. साडेदहा वाजले. जोडी काही जमेना. दुकान तापायला लागलं. मामांनी संशय आला म्हणून पहिला डायोड पुन्हा लावला, तर तो तीनशे सव्वीसचा तीनशे अठरा झाला होता. दीड तासाचं काम पाण्यात गेलं.

बाबांनी पेन खाली ठेवलं. त्यांना वाटलं, संपलं. मामांनी पातेल्यात गार पाणी घेतलं, त्यात स्टीलची वाटी तरंगत ठेवली आणि सगळे डायोड वाटीत ओतले. “पुन्हा,” ते म्हणाले.

पुन्हा पहिल्यापासून. दोघांचेही शर्ट पाठीला चिकटले होते. बाबांच्या नाकावरून घामाचा थेंब वहीवर पडला आणि एक आकडा फिसकटला. मामांनी तो डायोड निमूटपणे पुन्हा मोजला. साडेबाराला मामा म्हणाले, “तीनशे एकतीस.” बाबांनी वहीवर बोट ठेवलं आणि तसंच दाबून धरलं. वरती, अकराव्या ओळीत, तीनशे एकतीस होता. मामांनी दोन्ही डायोड बाजूला घेऊन तीन तीन वेळा मोजले. मग आयर्न तापवलं.

“चिमटा धरा,” ते म्हणाले.

बाबांचा चिमटा डायोडच्या पायावरून घसरला. मामा आयर्न हवेत धरून तो स्थिर होईपर्यंत थांबले. चार टाके, प्रत्येक दोन श्वासांचा. पुठ्ठा, झाकण, चार स्क्रू. दीड वाजून गेला होता. वाजवून बघायला दुकानात गिटार नव्हती आणि वेळही नव्हता.

“मी येतो,” मामा म्हणाले. “न तपासलेला डबा मी कुणाच्या हवाली करत नाही.”

टॅक्सीत मी मामांच्या मांडीवर होतो. दोघंही खिडकीबाहेर बघत होते, एक या खिडकीतून, दुसरे त्या. मला आत काय झालंय ते मलाच ठाऊक नव्हतं. नवे डायोड, नवे टाके, मी गाईन की बरळेन हे पाय पडल्याशिवाय मलाही कळत नाही.

नाट्यगृहात शिरलो तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. हॉल भट्टीसारखा तापला होता. तिन्ही विश्वस्त पहिल्या रांगेत, त्यांच्यामागे दिग्दर्शक बाई, कठड्याशी दिवेवाला, वर मंचावर मनी आणि तालवाला. मनीच्या पायाशी उसना पेडल होता आणि त्यातून चाकाखाली शेपटी सापडलेल्या मांजराचा आवाज येत होता. विश्वस्तांमधल्या थोरल्या बाई पर्स उचलून म्हणत होत्या, “ठीक आहे, आपल्याला कल्पना आली.”

“थांबा,” बाबा दारातून म्हणाले.

मनीने मला पाहिलं. मग बाबांना पाहिलं, मागे उभ्या मामांना पाहिलं.

“कुठे होता हा?”

“माळ्यावर,” बाबा म्हणाले. “मीच ठेवला होता.”

मनीचा चेहरा पांढरा पडला. तिने उसन्या पेडलच्या वायरी काढून बाजूला टाकल्या. मामा पायऱ्या चढून वर आले, तिच्या पायाशी बसले आणि दोन्ही वायरी माझ्यात घातल्या. “एकच सूर,” ते तिला म्हणाले. “बाराव्याच्या वर. टोन पार खाली. आणि पाय हळू ठेव, त्याला धसमुसळेपणा चालत नाही.”

मनीने पाय ठेवला. तार छेडली. सूर माझ्यात आला आणि मी त्याला वर नेलं. मित्रांनो, मी स्वतःची बढाई मारत नाही, पण मला त्या क्षणी कळलं की मी पुन्हा पूर्ण झालोय. खालचा सूर आणि वरचा सूर बरोबर निघाले, छतापर्यंत गेले आणि तिथे राहिले. थोरल्या बाईंनी पर्स खाली ठेवली. मनीने हाक पाच वेळा दिली. दुपारचे अडीच, हॉल तापलेला, आणि पाचही वेळा ती आली.

“हे यंत्र कुणी केलं?” थोरल्या बाईंनी विचारलं.

मामा वायर गुंडाळत होते. त्यांनी मान वर केली नाही. बाबा पुढे आले. त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि काहीही गाळलं नाही. मेहुण्यांनी मला कसं घडवलं, त्यांनी स्वतः मला कसं उघडलं, कसं भाजलं, मग माइकवर ते काय म्हणाले, दुसऱ्या दिवशी काय खोटं बोलले, या पोरीला काय ऐकू दिलं, परवा कुठे लपवलं. पण मैदानातली ती दोनशे माणसं कुठून आणणार? त्यांच्यातले किती गेले, किती विसरले. तो दुकानदारही आता नव्हता. खोटं दोनशेजणांनी ऐकलं होतं. खरं ऐकायला मनीला धरून सातच माणसं होती, आणि त्यातली सहा मामांना ओळखतही नव्हती.

मनीला काम मिळालं. तिने आधी मामांचा हात धरला. “मामा, मी तुमच्या डब्याला दगाबाज म्हटलं होतं,” ती म्हणाली. “मला आठवतंय.”

“तू सात वर्षांची होतीस. तुला जे ऐकू आलं ते तू बोललीस,” मामा म्हणाले.

बाबा जवळ आले आणि नुसते उभे राहिले. मामांनी गुंडाळलेली वायर मनीच्या हातात दिली. “बरं झालं सांगितलंत, भावोजी,” ते म्हणाले. “पण इतक्यात माझ्याकडे येऊ नका. मला थोडे दिवस लागतील.” आणि ते एकटेच दाराकडे चालू लागले.

आज मी रोज वाजतो. नाटक जोरात चाललंय. मामा कधीकधी येतात, शेवटच्या रांगेत बसतात, पक्षिणीची हाक झाली की उठून जातात. मनी घरी गेली की बाबा विचारतात, “मामा आले होते?” ती म्हणते, “आले होते.” “काही म्हणाले?” “नाही, बाबा.” मग ते दुसरं काहीतरी बोलतात. आता मनी मला घरी नेते तेव्हा बाबाच माझी बॅटरी काढून ठेवतात.

मित्रांनो, आम्हा जुन्या यंत्रांना जपा, पुसून ठेवा, कोरड्या जागी ठेवा. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. तुमच्या हातून काही मोडलं, भाजलं, बिघडलं, तर ते ज्याने घडवलं त्याच्याकडे त्याच दिवशी घेऊन जा आणि “माझ्याकडून झालं” एवढं म्हणा. फार तर तो रागावेल. मी पत्र्याचा आहे, मी अठरा वर्षं थांबलो आणि एका सकाळीत दुरुस्त झालो. मामा आता सत्तरीला आलेत. बाबा अजून वाट बघतायत.